सूर्यभानला न्यायला आलेली जीप

बाहत्तरच्या दुष्काळात आमच्या मिरजगावाकडं विहिरी इतक्या खोल गेल्या, की तळाला कान लावला तर पाताळातल्या बायांची भांडनं ऐकू यायची. असल्याच विहिरीत माझ्या थोरल्या दिरांच्या पायात पहार घुसली. जाऊ गोजरबाई अन् मी त्यास्नी ट्रकात घालून नगरच्या दवाखान्यात नेलं.

डाक्टरनं टाके घातले, अंगात कणकण म्हनून तपासायला रक्त काढलं, अन् गोळ्या दिऊन घरी लावलं. रक्त काढताना बाटलीवर लिवायला कंपाउंडरनं पेशंटचं नाव इचारलं हुतं. दीर गुंगीत. जाऊ माझ्याकडं बघती, मी तिच्याकडं. नवऱ्याचं नाव घेतलं की त्याचं आयुष्य घटतं, अन् थोरल्या दिरांचं मी कसं घिऊ? शेवटी तिनं पोराचंच नाव दिलं, सूर्यभान.

घरी दीर असे हुडहुडले, की बाजंखालची कोंबडी अंडी टाकून पळाली. तीन घोंगड्या घातल्या. "डाक्टरनं घरी लावलंय म्हंजे उतरंल ताप," जाऊ म्हनायची, पर तिचा हात काय त्यांच्या कपाळावरनं निघंना. मंग ते बरळाय लागले.

तवाच जीप आली. कंपाउंडर उतरला. "सूर्यभान कुठाय? रक्तात जंतू निघालेत. आत्ताच न्यायचा."

सूर्यभान अंगनात जोर काढत हुता. नसबंदीवाले आले समजून त्यानं जी धूम ठोकली, ती भंडारदऱ्याचं पानी पिऊनच थांबला म्हनं.

"चांगला पळतोय की. चला," कंपाउंडर म्हनला. जीप वळाय लागली.

जाऊ आडवी गेली. "रक्त पोराचं न्हाई. माझ्या मालकांचं हाय, आत पडल्यात."

"मंग त्यांचं नाव काय? नावाबिगर न्हेनार न्हाई. भलत्यालाच इंजेक्शन गेलं तर?"

तिनं मला बाजूला वढलं. मला हळूच म्हनली, "घेतलं अन् त्यास्नी काय झालं तर गं?"

"आक्का, न घेता काय व्हतंय ते आत बघ."

"कानिफनाथ," ती म्हनली.

नगरपातूर तिचा हात त्यांच्या छातीवर. श्वास जरा थांबला की तिचाबी थांबायचा. दवाखान्यात डाक्टर, नर्स, झाडूवाली, दिसंल त्याला तिनं नाव सांगितलं.

लई दिसांनी दीर उठून बसले. म्हनले, "माझी दवंडी कशापायी पिटत हुतीस?"

"गप पडा," जाऊ म्हनली, "कानिफनाथ."