पीसला बोलवायचं नाही

छत्रीसैनिकांच्या पलटणीत त्याचं नाव पीस पडलं ते त्याच्या वजनामुळे. विमानातून एकापाठोपाठ उड्या पडल्या की बाकीचे धपाधप जमिनीला लागायचे आणि हा एकटाच वर तरंगत राहायचा. जरा झुळूक आली की पार पलीकडच्या शेतात. "त्याच्या खिशात दोन विटा घाला रे," असं उडी शिकवणारे उस्ताद खालून ओरडायचे. युद्ध संपलं, वर्दी उतरली आणि पीस एका इस्पितळात लिफ्टमन म्हणून लागला. "वर जायची खोड काही जात नाही," असं तोच सगळ्यांना सांगायचा आणि तोच आधी हसायचा.

टाका त्याचा जिवलग. छावणीत कुणाचं बटण तुटो की पट्टा उसवो, सुईदोरा घेऊन हा हजर, म्हणून टाका. पुढे त्यानं गाड्यांच्या गाद्या शिवायचं दुकान काढलं. पीसच्या बायकोनं चहा देताना "साखर टाका" म्हटलं की हा "ओ" द्यायचा. वर्षानुवर्षं हा एकच विनोद चालला आणि वहिनी दर वेळी हसल्या.

त्यांच्या तुकडीनं ज्या दिवशी शत्रूच्या मुलखात उडी घेतली, त्या दिवशी दर वर्षी सगळे जमायचे. गडद लाल टोप्या, कोटावर पदकं. गेलेल्यांची नावं वाचायची, क्षणभर स्तब्ध उभं राहायचं आणि मग जेवताना तेच ते किस्से. आता सात जण उरले होते. दर वर्षी टाका आपल्या गाडीतून पीसला न्यायचा आणि संध्याकाळी घरी सोडायचा.

मग पीसला विसरायला होऊ लागलं. आधी चष्मा, मग घरचा रस्ता, मग माणसं. टाका मात्र त्याच्या लक्षात होता. "आमचा टाक्या आला," म्हणून तो लहान पोरासारखा खूश व्हायचा.

मागच्या वर्षीच्या कार्यक्रमात सगळे स्तब्ध उभे असताना पीस एकदम खुर्चीवर चढला. "हुक लावा! दाराकडे चला!" असा ओरडला आणि पुढच्या रांगेतल्या माणसाला ढकलू लागला. टाका धावला, त्याला खाली उतरवायला लागला. पीसनं त्याच्याकडे पाहिलं आणि त्याचा आवाज एकदम मऊ झाला. टाक्याच्या डोक्यावरून हात फिरवत तो म्हणाला, "रडू नको रे टाक्या. आईला कशाला हाका मारतोस, मी आहे ना. थांब, दोऱ्या कापतो. हलू नको."

सभागृहात कुणीतरी खुदकन हसलं. टाक्याचा मुलगा, सून, नात तिथेच बसले होते. सुनेनं खाली पाहिलं. घरी जाताना नातीनं विचारलं, "आजोबा, तुम्ही रडला होता?" टाका म्हणाला, "त्याच्या डोक्यात काहीच्या बाही येतं गं. आजारी आहे तो."

खरं काय ते टाक्याला पक्कं ठाऊक होतं. उडीच्या दिवशी तो दलदलीत पडला होता. छत्री अंगावर कोसळली, दोऱ्या गळ्याभोवती आवळल्या आणि चिखल तोंडाशी आला. पीस नेहमीप्रमाणे लांब, कालव्यापलीकडे जाऊन पडला होता. त्याला हुकूम होता सरळ पुलाकडे जायचा. तो हाकेच्या दिशेनं उलटा आला, दोऱ्या कापल्या, टाक्याला ओढून काढलं आणि त्याचं रडणं थांबेपर्यंत त्याचं डोकं मांडीवर घेऊन बसून राहिला. मग दोघे उठून पुलाकडे गेले, लढले, परत आले. टाक्याच्या माहितीप्रमाणे पीसनं त्यातलं अवाक्षरही कधी कुणाला सांगितलं नव्हतं.

सांगितलं ते टाक्यानं, आणि तेही वेगळंच. सुरुवातीला तो म्हणायचा, "कसाबसा सुटलो." मग शाळांमधून भाषणांची बोलावणी येऊ लागली आणि पोरांना काहीतरी चांगलं ऐकवावं म्हणून चाकू टाक्याच्या स्वतःच्या हातात आला. "श्वास कोंडला होता, पण मी डोकं शांत ठेवलं आणि एकेक दोरी कापली," असं तो सांगायचा. एका शाळेत तर पीस पहिल्या रांगेत बसून हे ऐकत होता. संपल्यावर सगळ्यात जोरात टाळ्या त्यानंच वाजवल्या.

यंदाच्या कार्यक्रमाला मोठे पाहुणे येणार होते आणि टीव्हीवालेही. माजी सैनिकांच्या मंडळाचे चिटणीस नुसतं म्हणाले, "पीसचं कसं करायचं? त्याला शेवटच्या खुर्चीवर बसवू आणि कुणीतरी शेजारी थांबू."

"नको," टाका म्हणाला. "त्याला बोलवायचंच नाही. उगाच त्याचेच हाल."

चिटणिसांनी विचारलं, "नक्की ना? तू त्याचा जवळचा, तू म्हणशील तसं."

"मी म्हणतोय ना."

बाकीच्यांनी मान डोलावली. टाका म्हणतोय म्हणजे भल्यासाठीच म्हणत असेल, असं प्रत्येकाला वाटलं. घरी येताना टाक्याला स्वतःचाच आवाज आठवत होता. किती काळजीचा वाटला होता तो.

कार्यक्रमाच्या सकाळी तो आरशापुढे टाय बांधत असताना वहिनींचा फोन आला.

"भाऊजी, हे उठल्यापासून कोट घालून बसलेत. टोपी शोधून काढायला लावली मला. आज आहे का हो तुमचं? मला तर तारखांचं काही कळत नाही हल्ली, त्यांना बरं कळतं."

"नाही वहिनी," टाका म्हणाला. "यंदा रद्द झालंय. पाहुण्यांना जमत नाही म्हणाले."

"अगंबाई. मग तुम्हीच सांगा त्यांना. तुमचं ऐकतात."

फोनवर पीसचा श्वास ऐकू आला. टाका म्हणाला, "पीस, आज उडी नाही. वारा फार आहे."

"वारा आहे?" पीस म्हणाला. "बरं बरं. मग थांबतो. वारा पडला की सांग हं."

टाक्यानं फोन ठेवला आणि टायची गाठ सोडून पुन्हा बांधली.

कार्यक्रम छान झाला. कुणी ओरडलं नाही, कुणी खुर्चीवर चढलं नाही. पाहुण्यांनी सगळ्यांच्या कोटाला स्वतःच्या हातानं फूल लावलं. टाका बोलायला उभा राहिला तेव्हा खिशातला फोन थरथरू लागला. त्यानं बोलता बोलता तो बाहेर काढला, वहिनींचं नाव पाहिलं आणि बंद करून परत खिशात ठेवला. मग दलदल, दोऱ्या, चाकू, सगळं क्रमानं सांगितलं. टाळ्या पडल्या. पुढच्या रांगेतली नात टाळ्या वाजवत होती, पण तिचे डोळे त्याच्या तोंडावरच खिळलेले होते, जणू काही मोजून बघत होती.

जेवणं उरकल्यावर त्यानं फोन चालू केला. वहिनींनी पुन्हा पुन्हा फोन केला होता. त्यानं लावला तर त्या धापा टाकत होत्या.

"भाऊजी, हे घरात नाहीत हो! मी कपडे वाळत घालायला वर गेले तेवढ्यात दार उघडून गेले. मी अख्खी गल्ली पालथी घातली. तुम्ही फोन का उचलत नव्हता?"

टाक्यानं काय उत्तर दिलं ते त्याचं त्यालाच आठवलं नाही. पण इतरांना सांगणं भाग होतं. चिटणीस हातातली वाटी ठेवून म्हणाले, "एकटा बाहेर पडला? पण त्याला तर तू समजावणार होतास ना?"

"रद्द झालंय म्हणून सांगितलं होतं," टाका म्हणाला.

सगळे उठले. कुणाला गुडघे, कुणाला दमा, पण गाड्यांमधून आणि पायी, जमेल तसे ते पसरले. पदकं किणकिणवत म्हातारे दुकानादुकानांतून विचारत फिरले, "लाल टोपीवाले एक आजोबा पाहिलेत का? आमच्यासारखीच टोपी." लोक त्यांच्या कोटांवरच्या फुलांकडे पाहत नाही म्हणायचे.

शेवटी वहिनींचाच फोन आला. पीसच्या खिशात त्यांनी घरचा नंबर शिवून ठेवला होता आणि तो कुणीतरी लावला होता. पीस बसच्या आगारात होता.

टाका पोहोचला तेव्हा आगाराच्या मागच्या बाजूला, धुवायला लावलेल्या रिकाम्या बसपाशी चार माणसं जमली होती. बसच्या उघड्या मागच्या दारात पीस उभा होता. टोपी नीट, कोटाची बटणं चुकीच्या काजात. दोन्ही हात दाराच्या कडांवर, एक पाय पुढे, नजर वर. पँट पुढून ओली झाली होती. बस धुणारा माणूस हातातली पाण्याची नळी बंद करून म्हणाला, "बराच वेळ असेच उभे आहेत. उतरा म्हटलं तर म्हणतात, उडीचा हिरवा दिवा लागला नाही अजून. मी हात धरला तर थरथरायलाच लागले. म्हटलं राहू दे, घरचे येतील."

टाका पुढे झाला आणि त्याच वेळी टॅक्सीतून वहिनी उतरल्या. पायात घरातल्याच चपला, केस सुटलेले. त्यांनी आधी नवऱ्याकडे पाहिलं, तो जागेवर आहे याची खात्री केली. मग वळल्या. टाक्याचा इस्त्रीचा कोट, पदकं आणि छातीवरचं फूल, सगळं त्यांनी सावकाश पाहिलं. तोवर मागून चिटणीस आणि आणखी दोघे आले. त्यांच्याही छातीवर तसलीच फुलं.

"झाला का कार्यक्रम?" वहिनींनी विचारलं.

आवाज चढला नव्हता. तिथे असलेल्या एकाही माणसाला मान वर करता आली नाही. चिटणिसांनी गुपचूप आपलं फूल काढून मुठीत घेतलं. टाक्याचा हात मात्र वर जाईना.

"वहिनी, मी..."

"आधी त्यांना उतरवा."

टाका दारापाशी गेला. "पीस, चल खाली."

पीसनं त्याला पाहिलं आणि चेहरा उजळला. "आलास? वारा पडला म्हणून मी निघून आलो. कुणीच नाही रे इथं. तुम्ही सगळे मला सोडून गेलात की काय, असं वाटलं." तो हसला. "घाबरलो होतो."

टाका पुढच्या दारानं बसमध्ये चढला. ओल्या पत्र्यावरून सांभाळत मागे गेला आणि पीसच्या शेजारी उभा राहिला. लघवीचा वास येत होता. खाली वहिनी, मित्र, बस धुणारा, सगळे बघत होते.

"दिवा लागला, पीस," तो म्हणाला.

"तू आधी. तुला भीती वाटते ना, मी मागून आहे."

हे सगळ्यांनी ऐकलं. टाक्यानं "हो" म्हटलं आणि एक पायरी खाली उतरला. पीसनं त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि मागून उतरला. जमिनीला पाय लागल्यावर त्यानं सुटकेचा श्वास सोडला आणि मग कुठे आहोत हे न कळून इकडे तिकडे पाहू लागला. वहिनींनी आपली शाल त्याच्या कमरेभोवती गुंडाळली आणि कोटाची बटणं काढून नीट लावली.

चिटणीस म्हणाले, "माझी गाडी आहे, सोडतो तुम्हाला."

"नको," त्या म्हणाल्या. "आमचे आम्ही जातो."

त्यानंतर टाका दुकानात जायचा, गाद्या शिवायचा, घरी यायचा. फोन हातात घ्यायचा आणि ठेवून द्यायचा. काय बोलायचं ते मनात जुळवायचा, पण प्रत्येक वाक्य "त्याच्या भल्यासाठी"वर येऊन अडकायचं. शेवटी एका दुपारी त्यानं शटर ओढलं आणि पीसच्या घराची बेल वाजवली.

वहिनींनी दार उघडलं. आत या म्हणाल्या नाहीत, जा असंही म्हणाल्या नाहीत.

"त्याला बोलवू नका असं मीच म्हटलं होतं," टाका दारातूनच म्हणाला. "बाकीच्यांची काही चूक नाही. तो दलदलीचं बोलतो ना, ते खरं आहे. मला त्याचीच लाज वाटली."

"चिटणिसांनी सांगितलं सगळं," वहिनी म्हणाल्या. "दुसऱ्याच दिवशी आले होते. मग एकेक करून सगळ्यांचे फोन आले. तुमचाच तेवढा आला नाही. मी वाट पाहिली तुमच्या फोनची, खोटं कशाला बोलू."

टाक्याला वाटलं, यापेक्षा त्यांनी दार लावून घेतलं असतं तर बरं.

"आणि ते दलदलीचं," त्या म्हणाल्या, "ते मला लग्न झालं तेव्हापासून माहीत आहे. तुम्ही रडलात म्हणून नाही सांगितलं त्यांनी. त्या दिवशी आपण स्वतः किती रडलो, हे सांगत होते. म्हणाले, टाक्याचं तोंड चिखलानं भरलेलं, त्याला काही दिसत नव्हतं, म्हणून बरं झालं. तुमच्या भाषणाला टाळ्या वाजवून घरी आले ना, त्या दिवशी मी रागावले होते. तर मलाच म्हणाले, त्याला हवं तसं सांगू दे, त्याला त्रास होतो आठवलं की."

आतून पीसनं कुणाला तरी हाक मारली. वहिनी बाजूला झाल्या. टाका आत गेला.

पीस खिडकीशी खुर्चीत बसला होता. त्यानं पाहुण्याकडे सभ्यपणे पाहिलं, मान लववली. ओळख मात्र कुठेच दिसली नाही.

"बसा ना," तो म्हणाला. "आपण कोण?"

टाका उभाच राहिला. वहिनींनी कपाटातून नेलकटर आणून त्याच्या हातात दिलं. "त्यांची नखं वाढलीत. मला हल्ली नीट दिसत नाही, परवा रक्त काढलं मी. कापून द्या." एवढं म्हणून त्या स्वयंपाकघरात गेल्या. चहाचं त्यांनी विचारलं नाही.

टाका जमिनीवर बसला आणि पीसचा पाय त्यानं आपल्या मांडीवर घेतला. नखं जाड, पिवळी झाली होती. तो जपून एकेक कापू लागला. पीस थोडा वेळ बघत राहिला, मग वाकून त्यानं हळूच विचारलं, "रोज येता का तुम्ही?"

"येईन," टाका म्हणाला आणि दुसरा पाय मांडीवर घेतला.