अण्णांचा आवाज माझ्याकडे होता

मित्रांनो, मी एक जुना डबा आहे. डबा म्हटल्यावर लगेच झाकण उघडून बघू नका, माझ्यात खाऊ कधीच नव्हता. माझ्या पोटात दोन डिस्क आहेत. घरातले फोटो, कागदपत्रं, गाणी, जे जे म्हणून जपायचं असतं ते माझ्याकडे द्यायचं आणि मी ते सांभाळायचं, एवढंच माझं काम होतं.

कारखान्यात माझे लाड करायला कुणाला वेळ नव्हता. एकीने स्क्रू पिळले, दुसरीने पाठीवर शिक्का मारला आणि माझी रवानगी दुकानात झाली. तिथून मला मामाने उचललं. मामा म्हणजे या घरातल्या माईंचा धाकटा भाऊ. तो लिफ्ट दुरुस्त करतो, त्यामुळे वायर असलेली जगातली कुठलीही वस्तू आपल्याला कळते, अशी त्याची पक्की समजूत आहे. दुकानदार त्याला म्हणाला, "दोन डिस्क आहेत साहेब. एकीवर लिहिलेलं दुसरीवर आपोआप उतरतं. एक मेली तरी दुसरी आहेच. निर्धास्त राहा." मामा निर्धास्त झाला. एकीवरचं पुसलं तर दुसरीवरचंही त्याच क्षणी पुसलं जातं, हे मात्र त्याने विचारलं नाही आणि दुकानदारानेही सांगितलं नाही.

मला बैठकीच्या खोलीतल्या कपाटावर बसवलं. शेजारी राउटर. घरभर इंटरनेट वाटायचं काम त्याचं. तो दिवसभर दिवे मिचकवायचा आणि मी आपला गुरगुरत असायचो. आमचं बरं चाललं होतं.

माईंचे यजमान म्हणजे अण्णा. भाजीच्या घाऊक बाजारात ते लिलाव पुकारायचे. काय आवाज होता म्हणून सांगू! ते नुसते "पाणी दे" म्हणाले तरी माझं झाकण थरथरायचं. माई म्हणायच्या, "अहो, हळू बोला, समोर मी आहे, कांद्याची गाडी नाही."

पुढे त्या घशातच आजार निघाला. डॉक्टरांनी सांगितलं, जीव वाचेल, पण स्वरयंत्र काढावं लागेल. दवाखान्यात आवाजाच्या उपचारांच्या एक बाई होत्या. त्या म्हणाल्या, "काका, ऑपरेशनआधी तुमचा आवाज भरपूर रेकॉर्ड करून ठेवा. जखम भरली की मला पाठवा. त्यावरून कॉम्प्युटर तुमच्यासारखा आवाज तयार करेल. तुम्ही टाइप करायचं, यंत्र तुमच्या आवाजात बोलेल."

मग आतल्या खोलीच्या भिंतींना गाद्या टेकवल्या गेल्या आणि अण्णा रेकॉर्डिंगला बसले. बाईंनी वाचायला दिलेली पहिलीच वाक्यं त्यांनी अशी ठोकली की माइकचा काटा लालमध्ये जाऊन अडकला. फोनवर ते ऐकून बाई म्हणाल्या, "काका, लिलाव नको, घरी बोलता तसं बोला." दाराबाहेरून माई म्हणाल्या, "घरीही असंच बोलतात हो!" दुखऱ्या घशाने अण्णा रोज वाचत राहिले. वाक्यं संपल्यावरही ते उठले नाहीत. दार लावून घेऊन हळू, अगदी हळू बोलले, "अगं, जेवलीस का? गोळी घेतलीस का? रागावलीस होय? बरं, चुकलं माझं." हे त्यांना कुणी वाचायला दिलं नव्हतं. ते सगळं सरळ माझ्याकडे येत होतं आणि मी दोन्ही डिस्कवर उतरवून घेत होतो. मामाने माझ्यावर थाप मारली आणि म्हणाला, "इथे आहे ना, मग तिजोरीत आहे." मित्रांनो, त्या दिवशी मला फार भारी वाटलं.

ऑपरेशन झालं. अण्णा घरी आले ते मुके होऊन. एक ठोका म्हणजे हो, दोन ठोके म्हणजे नाही, असं ठरलं. माई दुपारी स्वयंपाकघरातल्या स्पीकरवर ते शेवटचं रेकॉर्डिंग लावायच्या. "घेतली हो गोळी," असं स्पीकरला सांगायच्या, आणि बाहेर अण्णा वर्तमानपत्रात तोंड खुपसून बसायचे.

जखम भरली. बाईंनी निरोप धाडला, "आता पाठवा." मामा रविवारी आला. मी बरेच दिवस घरातल्या लॅपटॉपच्या पडद्यावर अपडेट मागत होतो. अपडेट म्हणजे माझी कामाची रीतच नवी करून देणं. मामा म्हणाला, "आधी हे उरकू, मग पाठवू. नवं झालं की पळेल बघ." त्याने बटण दाबलं आणि गाडीची वेळ झाली म्हणून तो निघूनही गेला.

मी बंद होऊन पुन्हा सुरू झालो तो सगळं विसरूनच. पोटात दोन्ही डिस्क भरलेल्या होत्या, पण मी स्वतःला कारखान्यातून आत्ताच आलेला समजत होतो. नव्या डब्याला जो पत्ता असतो तो मी घेतला, आणि नेमका तोच पत्ता राउटरचा होता. एका गल्लीत दोन घरांवर एकच नंबर असला तर पोस्टमन काय करणार? घरातलं इंटरनेट बसलं.

बोलणी मात्र राउटरला बसली. माईंनी त्याला बंद करून चालू केलं, पुसलं, खिडकीत ठेवलं. कंपनीचा माणूस आला, आपल्या मोबाइलकडे बघत "आमच्याकडून ओके आहे" म्हणाला आणि गेला. शेवटी अण्णांनीच एकेक वायर काढून बघितली. माझी काढली आणि इंटरनेट आलं. पुन्हा लावली, गेलं. सापडलं! ते लहान मुलासारखे हसले. आवाज येत नव्हता, खांदे तेवढे हलत होते.

माई भाजी आणायला गेल्या होत्या. डब्याची वायर काढली की इंटरनेट येतं, एवढा मेसेज टाकून अण्णांनी मामाला फोन लावला आणि टेबलावर टकटक केली. मामा कामावर होता, कुठल्याशा लिफ्टच्या खड्ड्यात.

"भाऊजी, तुम्ही? डब्याचंच आहे ना?"

एक ठोका.

"मग त्याची वायर राउटरला नको, सरळ लॅपटॉपला लावा. लावली? पडद्यावर त्याचं पान उघडलं?"

एक ठोका. पानावर मीच लिहिलं होतं, नवीन डबा सापडला, डिस्क तयार करायच्या का, त्यांवरचं सगळं पुसलं जाईल. खाली 'हो' आणि 'नाही'.

"'हो' दिसतंय? दाबा."

अण्णांनी दोन ठोके दिले. जोरात.

"अहो, घाबरताय काय! दोन डिस्क आहेत. एक गेली तरी दुसरी आहेच."

पुन्हा दोन ठोके. अण्णांनी मेसेज लिहायला फोन कानापासून काढला, तर आतून मामा ओरडायला लागला, "आहात का? इथे माणसं खोळंबलीत हो! ऐका माझं, दाबा." ठोक्यांमध्ये हो होतं, नाही होतं. 'पण' नव्हतं. ज्या माणसाने अख्ख्या बाजाराला गप्प केलं होतं, त्याला मेहुण्याला एक 'पण' ऐकवता येईना.

त्यांनी 'हो' दाबलं.

मी हुकमाचा ताबेदार. या टोकापासून त्या टोकापर्यंत दोन्ही डिस्क कोऱ्या करत सुटलो. माझी गुरगुर ऐकून अण्णांना वाटलं, गाडी रुळावर आली. त्यांनी खुर्ची ओढली, रुमालाने माझ्यावरची धूळ पुसली आणि माझ्याजवळ बसून राहिले. मला तोंड असतं तर मी बोंब मारली असती.

दोन्ही डिस्क कोऱ्या निघाल्यावर, पुसलेलं परत मिळतं का ते बघायला मामाने मला दुकानांमधून फिरवलं. सगळ्यांनी नकाराची मान हलवली. घरी येऊन तो जमिनीकडे बघत म्हणाला, "ताई, मला वाटलं दुसरीवर राहील."

माईंनी विचारलं, "ह्यांनी नाही म्हटलं नव्हतं?"

"म्हटलं होतं. दोनदा."

"मग?"

मामाने मला उचलून पुन्हा कपाटावर ठेवलं.

आता अण्णांना बोलणारं यंत्र मिळालंय, तयार आवाजाचं. बातम्या देणाऱ्यासारखा गुळगुळीत, कुणाचाही नसलेला आवाज. मामा समोर होता तेव्हा अण्णांनी पहिल्यांदा त्यावर टाइप केलं. यंत्र म्हणालं, "मी वाचलं होतं. सगळं पुसलं जाईल असं लिहिलं होतं. तू फोन ठेवला असतास तर मी लिहून सांगितलं असतं."

मामा रडायला लागला. माई उठून स्वयंपाकघरात गेल्या. तिथून म्हणाल्या, "बंद करा ते. घरात कोण परका शिरलाय असं वाटतं." अण्णांनी यंत्र बंद केलं.

मित्रांनो, मी अजून कपाटावर आहे, वायर काढलेला. मला टाकून द्यायचं कुणाच्या मनात येत नाही आणि वापरायचंही नाही. तुम्हाला एवढंच सांगतो. जे गेलं तर पुन्हा मिळणार नाही, त्याची एक नक्कल दुसऱ्या घरात ठेवा. माझ्या दोन डिस्क म्हणजे दोन घरं नव्हेत. आणि ज्याला बोलता येत नाही तो नाही म्हणाला, तर हातातलं काम थांबवून त्याला लिहू द्या. त्याला वेळ लागेल. लागू द्या.