पावणेतीन मीटरवरची माती

"डोळे मिटा. चोरून बघायचं नाही," हेमी म्हणाला. "आता फक्त बोटं."

ख्राइस्टचर्चच्या हॉर्नबी भागातल्या एका शेडमध्ये आम्ही चौदा भूशास्त्रज्ञ लांब टेबलांभोवती उभे होतो. प्रत्येकाच्या तळहातावर वर्ग घेणाऱ्या हेमीने लिंबाएवढा ओल्या मातीचा गोळा ठेवला होता. आमची व्यावसायिक नोंदणी चालू ठेवायची तर दरवर्षी काही तास शिकल्याचा पुरावा द्यावा लागतो. माझे आठ तास कमी पडत होते. म्हणून सदुसष्टाव्या वर्षी मी 'हाताने मातीचं वर्णन' या एका दिवसाच्या वर्गाला आले होते. हेच काम मी आजवर ऑफिसातल्या सहा मुलांना शिकवलं होतं. पण ते शिकवणं मी कधी तासांत लिहून ठेवलं नव्हतं, त्यामुळे ते धरलं जात नव्हतं.

शेजारी सुखदा होती. आमच्याच ऑफिसात काम करते, कोथरूडची, अठ्ठावीस वर्षांची. लोकांसमोर मला अनुराधा म्हणते, दोघीच असलो की मावशी.

"मावशी, तुमच्यासाठी ही बालवाडी आहे," ती कुजबुजली.

"बालवाडीत खाऊ मिळतो. इथे काय आहे?"

"सॉसेज रोल. तुमच्यासाठी व्हेज सांगितलंय, डोन्ट वरी."

मी गोळा अंगठा आणि तर्जनीत चोळला. चिकणमाती. दुसरा दिला, तोही चिकणमातीचा. तिसरा, चौथाही. हेमीने डोळे उघडायला सांगितले आणि टेबलावरची कार्डं उलटी केली. पहिला आणि चौथा चिकणमातीचा होता. मधले दोन सिल्टचे, म्हणजे बारीक गाळाचे.

"चारात दोन, अनुराधा!" हेमी हसला. "माझी आँटी कणीक मळते, तिचे तीन आले होते."

सगळे हसले. मीही हसले.

सिल्ट बोटांत ज्वारीच्या पिठासारखी किंचित खरखरते. चिकणमाती लोण्यासारखी लागते. मला चारही लोणीच लागले होते. मला मधुमेह आहे; त्याने पायांची जाणीव कमी होते, हे डॉक्टर मुग्धाने दोन वर्षांपूर्वीच सांगितलं होतं. बोटांचं मी तिला काही बोलले नव्हते. स्वतःलाही नाही.

१९८१ साली नाशिककडे एका धरणाच्या जागेवर मी पहिली नोकरी केली. कॅम्पात मी एकटी बाई. माझा तंबू स्वयंपाकघराला लागून, जवळ कोणीतरी जागं असावं म्हणून. ड्रिलिंगचा मुकादम मोरेश्वर चौथी शिकलेला होता. तो माझ्या डोळ्यांवर स्वतःचा टॉवेल बांधून हातावर माती ठेवायचा. "बाई, डोळं फसवत्यात. बोटं न्हाई," म्हणायचा. टॉवेलला डिझेलचा वास यायचा. एका संध्याकाळी मी वीसच्या वीस ओळखल्या. त्या दिवशी त्याने इंजिनिअर साहेबांच्या आधी मला चहा दिला आणि साहेब काही बोलले नाहीत.

जेवायच्या सुट्टीत सुखदा माझ्याजवळ येऊन बसली.

"माती वाळली असणार ती."

"वाळली नव्हती."

"मग ऑफ डे. होतं असं, मावशी."

"हॅल्सवेलच्या त्या तीन घरांचा लॉग कोणी केला?"

"तुम्ही. मागच्या महिन्यात. का?"

"पावणेतीन मीटरवर मी काय लिहिलंय?"

तिने रोल खाली ठेवला. "क्ले."

जमिनीत भोक पाडून काढलेल्या मातीचे गाभे, म्हणजे लांब दंडगोल नमुने, पेट्यांत येतात. आम्ही ते थर पाहून, चोळून लिहितो. तो कागद म्हणजे लॉग. ख्राइस्टचर्चमध्ये पाणी भरलेला सिल्टचा थर भूकंपात पातळ होऊ शकतो. २०११च्या भूकंपानंतर मी इथे आले तेव्हा गल्ल्यांच्या कडेला त्या करड्या गाळाचे ढीग अजून होते. चिकणमाती सहसा तसं करत नाही. इंजिनिअर पाया ठरवतो तो आमच्या शब्दावर.

"हलवून बघितली होती ना?" सुखदाने विचारलं.

ओल्या मातीची चकती तळहातावर हलवली की सिल्टमधून पाणी वर येऊन चमकतं. चिकणमातीतून येत नाही. मिनिटाचं काम.

"नाही. चोळली आणि लिहिलं."

"का नाही?"

"चाळीस वर्षं गरज पडली नव्हती."

"मावशी, सोमवारी काँक्रीट आहे तिथे. आणि कोणी काही विचारलेलं नाही."

"विचारणार कोण? खाली सही माझी आहे."

चार वाजता हेमीने प्रमाणपत्रं वाटली. "आठ तास. स्वीट अ‍ॅज. एकदम झकास. एक वर्ष निश्चिंत."

"माझे दोन चुकले, हेमी."

"हे तास हजेरीचे असतात, अनुराधा. ही परीक्षा नाही." तो चांगला मुलगा होता. मला समजवायला त्याने आवाज हळू केला. "तुला या कामाचं आमच्या सगळ्यांपेक्षा जास्त माहीत आहे."

मी प्रमाणपत्र पिशवीत ठेवलं. त्यात एक अक्षरही खोटं नव्हतं.

ऑफिसची गोदामवजा शेड तिथून पाच मिनिटांवर. सुखदाने हॅल्सवेलची पेटी खाली काढली. मी प्लॅस्टिक सोडवलं, पावणेतीन मीटरवरची चिमूट घेतली, पाण्याने भिजवून चकती केली आणि हात हलवला. पाणी वर आलं, चकती चमकली. दाबल्यावर चमक गेली. मी पुन्हा केलं. तिसऱ्यांदा सुखदाने केलं.

"सिल्ट आहे," ती म्हणाली.

मी आमच्या ऑफिसप्रमुखाला, इंद्रनीलला, फोन लावला.

"हॅल्सवेलचा पाया थांबव. पावणेतीन मीटरवर माझा थर चुकलाय."

"अगं, सोमवारचे ट्रक ठरलेत. शुअर?"

"शुअर."

"कशी काय चूक झाली?"

"बोटांना कळत नाही माझ्या. कधीपासून ते मलाही माहीत नाही. या वर्षीचे सगळे लॉग पुन्हा बघावे लागतील."

"बरं. इंजिनिअरला मी आत्ता सांगतो. बाकीचं सोमवारी बोलू."

"बाकीचं आत्ताच सांगते. हाताने तपासलेल्या मातीखाली यापुढे माझी सही नको."

"अनुराधा, तुझी नोंदणी आहे की चालू."

"आहे. आजच आठ तास मिळाले."

फोन ठेवून मी हात धुऊन आले. आमच्या कामात चुकलेला शब्द खोडून नाहीसा करत नाहीत. एकच रेघ मारतात, जुना शब्द वाचता येईल अशी, आणि शेजारी आद्याक्षरं आणि तारीख. मी लॉगमधल्या 'क्ले'वर तशी रेघ मारली. मग कोरा कागद घेतला.

"पुढची पेटी काढ. वरपासून."

"मी? तुम्ही सांगा ना, मी लिहिते."

"मला काय कळतंय? तू चोळ."

ती जरा अवघडली, मग बाह्या वर करून पेटीवर वाकली. वर्णन करणाऱ्याच्या रकान्यात मी तिचं नाव लिहिलं. ती माती बोटांत फिरवत राहिली; माती नखांत गेली, मनगटापर्यंत लागली. मी घाई केली नाही.

"अर्धा मीटर," ती म्हणाली. "सिल्ट... नाही, थांबा हं."

मी पेन वर उचललं आणि थांबले.