काठोकाठ भरलेली कवचं

मी एक जुना इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक आहे. जुना म्हणजे किती, ते विचारू नका मित्रांनो. माझे सुटे भाग बनवणारा कारखानासुद्धा कधीच बंद पडला. तळघरातल्या अंधाऱ्या खोलीत मी माणसाहून उंच उभा आहे. पंप माझ्या पोटातली हवा शोषून घेतो, डोक्यातली तार तापते आणि माझ्या हिरवट पडद्यावर डोळ्यांना न दिसणारं जग उमटतं. एके काळी मला बघायला रांगा लागत. मग वरच्या मजल्यावर नवं यंत्र आलं, आणि माझ्याकडे दोघंच फिरकायची. एक माझी देखभाल करणारे मामा, दुसऱ्या विषाणूंवर काम करणाऱ्या ताई. मामा मला 'म्हातारबा' म्हणतात. म्हणोत बापडे!

ताईंचे विषाणू माणसाच्या वाटेला जात नाहीत. ते फक्त जिवाणूंना मारतात. त्यांची घडण मी इतक्यांदा पाहिली की मला पाठ झाली. आधी प्रथिनांचं रिकामं, पैलूदार कवच तयार होतं. मग त्याच्या एका कोपऱ्यात इवलंसं यंत्र बसतं आणि जनुकांचा धागा आत ढकलत सुटतं. धागा कवचाच्या शेकडो पट लांब! सुटकेसवर बसून चेन लावावी तसा तो आत कोंबला जातो. त्या दाबाच्या जोरावरच विषाणू आपला धागा जिवाणूत सोडतो. धागा निसटला की उरतं ते नुसतं टरफल. माझ्या पडद्यावर भरलेलं कवच पांढरं दिसतं. रिकाम्या कवचात आम्ही वापरतो तो रंग शिरतो, म्हणून ते काळं दिसतं.

ताईंच्या धाकट्या भावाच्या पायाच्या हाडात जिवाणू शिरले होते. घरात त्याला छोटू म्हणत. होता मात्र ताईंपेक्षा हातभर उंच. एकही औषध त्याला लागू पडेना. ताईंनी हॉस्पिटलमागच्या गटाराचं पाणी पिंजून काढलं आणि नेमका त्या जिवाणूंना मारणारा विषाणू शोधला. त्यांनी तो वाढवला, गाळला, शुद्ध केला. मी पडद्यावर दाखवला तेव्हा सगळी कवचं पांढरीशुभ्र होती. ताई खुर्चीतून उठून नाचल्याच. मीही त्या दिवशी फार खूश होतो.

आता एकच काम उरलं होतं. शुद्ध करताना विषाणू अतिशय खारट पाण्यात ठेवावे लागतात, आणि तसलं पाणी माणसाच्या रक्तात सोडता येत नाही. म्हणून खारटपणा हळूहळू, टप्प्याटप्प्यानं उतरवायचा. ताई शिकाऊ मुलांना दरडावून सांगायच्या, "घाई केलीत तर हात तोडीन एकेकाचे!" कारण मीठ कवचाच्या आतही मुरलेलं असतं. बाहेर एकदम साधं पाणी आलं, तर ते आत धाव घेतं आणि कवच टरकन फाटतं.

ताईंनी ते काम माझ्या शेजारच्या टेबलावर सुरू केलं, तेवढ्यात त्यांचा फोन वाजला. त्यांचे हात कामात होते, म्हणून त्यांनी तो स्पीकरवर टाकला. छोटूच बोलत होता, पण आवाज पार खोल गेलेला.

"ताई, येतेस ना गं? ताप चढलाय. डॉक्टर म्हणतात, संध्याकाळपर्यंत आणा, नंतर काही खरं नाही."

"आलेच रे राजा. अगदी निघालेच बघ."

टप्प्याटप्प्यानं जायला दुसरा दिवस उजाडला असता. ताईंनी शुद्ध पाण्याची बाटली उचलली आणि सगळ्या साठ्यात एका दमात ओतली. मग सवयीनं त्यातला एक थेंब माझ्यात ठेवला.

पडदाभर काळी कवचं. आजूबाजूला निसटलेल्या धाग्यांचा गुंता. कुठे चुकून एखादं पांढरं.

मामा घाबरले. "म्हातारबाचं काही बिघडलं का हो? तार बदलू?"

"यंत्र ठीक आहे, मामा," ताई म्हणाल्या. "मीच सगळे मारले." आणि माझ्या थंड पत्र्याला कपाळ टेकून त्या ढसाढसा रडल्या. मित्रांनो, त्या वेळी खोटं बोलता आलं असतं तर मी बोललो असतो.

उरलेल्या मोजक्या विषाणूंपासून ताईंनी पुन्हा साठा वाढवला. या वेळी खारटपणा अगदी सावकाश उतरवला. पडदा पुन्हा पांढराशुभ्र झाला.

"जमलं की हो ताई! सगळी भरली!" मामा ओरडले, आणि लगेच त्यांनी जीभ चावली. छोटू तोवर गेला होता.

"भरली खरी," ताई म्हणाल्या. "आता देऊ कुणाला?"

मित्रांनो, ज्या कामाला जितका वेळ लागतो तितका त्याला द्या, असं मी तुम्हाला सांगायला हवं. म्हाताऱ्यांनी असंच काहीतरी सांगायचं असतं. पण वेळ होता कुणाकडे? ताईंनी तो दिला असता तरी छोटू थांबला असता का, हे मला आजही कळत नाही. त्यानंतर ताई तळघरात आल्या नाहीत. मामा तेवढे येतात, माझ्यावरची धूळ पुसतात आणि ताईंची खुर्ची पडद्यासमोर नीट लावून जातात.