काट्यावरचा विश्वास

वीरधवलनं घरच्या गाडीचं वजन उतरवायला घेतलं आणि घरात शिमगा सुरू झाला. मिरजेच्या हौशी शर्यतीत गेल्या वर्षी तो थोडक्यात मागं पडला होता, आणि खापर त्यानं गाडीच्या जाडीवर फोडलं होतं. आधी मागची सीट गेली, मग स्टेपनी, मग एसी. बायकोची सीट निघाली तेव्हा संयोगितानं पदर खोचला.

"यंदाची शेवटची शर्यत. पहिल्या तिघांत आला न्हाई, तर गाडी व्हती तशी करायची आन् पुन्हा शर्यतीचं नाव काढायचं न्हाई."

शर्यतीवाचून जगायचं कसं, हे वीरधवलला खरंच माहीत नव्हतं.

नियम सोपा होता. चालकासकट गाडी साडेसहाशे किलोच्या खाली गेली, की बाद. म्हणून वडील लालासाहेबांना घेऊन तो साखर कारखान्याच्या ऊस काट्यावर गेला. काट्यावर नाथाजी बसायचे. एकेकाळी ते लालासाहेबांचे तालमीतले जोडीदार, पण ते काटा मारतात, म्हणजे उसाचं वजन कमी दाखवतात, या संशयावरून लालासाहेबांनी बारा वर्षं त्यांच्याशी अबोला धरला होता.

"सहाशे साठ," वीरधवलला आत बसवून गाडी तोलल्यावर नाथाजी म्हणाले.

वीरधवल खूश झाला. लालासाहेबांनी त्याला बाजूला ओढलं.

"येडा हायस का रं? ह्यो काटा कवा खरं बोललाय? सहाशे साठ दावतोय म्हंजे गाडी सातशेची हाय. काढ अजून!"

बापाचं म्हणणं पोराला पटलं. उसाच्या घरात जन्मलेल्या कुणालाही पटलं असतं. दोघांनी मागची दोन्ही दारं काढून तिथं पातळ पत्रा ठोकला, बंपर उतरवला, वायपरसुद्धा सोडला नाही. निघालेलं सामान, पत्र्याचं वजन वजा करून, घरच्या काट्यावर भरलं पंचेचाळीस किलो.

टेम्पोत घालून गाडी मिरजेला नेली. वजन तपासायला ज्ञानदा नावाची मुलगी होती. वीरधवल आत बसला.

"सहाशे पंधरा. गाडी बाद."

"तुमचाबी काटा चोर हाय!" लालासाहेब कडाडले.

ज्ञानदानं गाडी खाली उतरवायला लावून वीस वीस किलोची दोन शिक्क्याची वजनं काट्यावर ठेवली. आकडा आला चाळीस. वीरधवलनं दगड भरू का, बापाला बसवू का, असं सगळं विचारून पाहिलं. ती प्रत्येक वेळी नाही म्हणून मान हलवत राहिली.

वीरधवलचं डोकं फिरलं. बापाला चार शब्द सुनवायला तो वळला, तर लालासाहेब बोटांवर मोजत पुटपुटत होते. सहाशे साठातनं पंचेचाळीस गेले, सहाशे पंधरा राहिले. पुन्हा केलं, तरी तेवढेच. त्यांचा चेहरा पार पडला.

"म्हंजे बारा वर्सं... आपला ऊसच कमी भरत व्हता?"

"व्हय, आबा," वीरधवल म्हणाला. त्याचा राग जागच्या जागी विरला. मागं पहिली शर्यत सुटल्याचा गलका झाला, पण त्यानं वळूनही पाहिलं नाही.

लालासाहेबांनी त्याला नाथाजींना फोन लावायला सांगितला आणि लागताच तो हिसकावून घेतला.

"नाथा," ते नमस्कार-चमत्कार न करता ओरडले, "तुजा काटा बरूबर हाय रं!"

पलीकडून नाथाजींनी जोरात नाक शिंकरल्याचा आवाज आला.