अवनीच्या नावापुढची एरर

चंद्रहास एकेकाळी महाराष्ट्राकडून बेसबॉल खेळला होता. बायकोच्या, सुचेताच्या, नोकरीमागे नेदरलँड्समधल्या उइटहॉर्नला आला, तिथल्या क्लबात दुसऱ्या टीमपर्यंत पोचला आणि खांदा कायमचा गेला. आता तो गावच्या साप्ताहिकात मॅचच्या बातम्या लिहायचा आणि क्लबचं स्कोअरबुकही भरायचा. खेळाडू म्हणून कुणी विचारलं नाही, पण सचोटीचा माणूस म्हणून नाव होतं. ते तो जिवापाड जपायचा.

शनिवारी त्याच्या लेकीची, अवनीची, सॉफ्टबॉलची मॅच होती. सोमवारी ज्युनियर संघाची निवड, आणि ती स्कोअरबुकातले आकडे बघूनच. अवनीच्या टीमची पिचर लोटे हिनं शेवटच्या डावापर्यंत समोरच्यांना एकही हिट दिली नव्हती, म्हणजे निव्वळ फटक्याच्या जोरावर कुणीही बेस गाठला नव्हता. अशी मॅच वर्षानुवर्षं होत नाही. तेवढ्यात एक फटका जमिनीलगत आला, गवताच्या कडेला आपटून उसळला आणि अवनीच्या मनगटावर बसला. बॅटर बेसवर पोचली.

हिट लिहिली तर लोटेचा विक्रम गेला. एरर, म्हणजे अवनीची चूक, लिहिली तर अवनीची निवड गेली. चंद्रहासनं उसळी स्वच्छ बघितली होती. हिटच होती ती. पण सगळे पालक वळून त्याच्याकडेच बघत होते. बापानं पोरीला वाचवलं म्हणतील, या विचारानंच त्याला घाम फुटला. त्यानं एरर लिहिली.

क्लबच्या अध्यक्षांनी पाठ थोपटली. चंद्रहास इतका खूश, की बातमीत स्वतःच स्वतःबद्दल वाक्य घातलं: ‘स्कोअररने स्वतःच्या मुलीचीही गय केली नाही.’ काय म्हणावं या माणसाला!

रविवारी सकाळी बातमी साप्ताहिकाच्या वेबसाइटवर आली. एरवी डचमध्ये उत्तरं देणारी अवनी फोन घेऊन समोर बसली आणि मराठीत म्हणाली, “बाबा, बॉल उसळला होता. तू बघितलंस ना?”

“हो.”

“मग बदल. चोवीस तासांत बदलता येतं. तूच शिकवलंयस.”

अजून सहा तास होते. सुचेतानं पेन आणून स्कोअरबुकाशेजारी ठेवलं. चंद्रहासनं ते उचललं, आणि त्याला बातमीतलं ते वाक्य आठवलं.

“अगं, आता बदललं तर लोक काय म्हणतील?”

“ओके,” अवनी म्हणाली आणि उठून गेली.

सोमवारी यादी लागली. अवनी तिच्यात नव्हती. बातमी त्यालाच लिहायची होती. निवडलेल्या मुलींची नावं त्यानं तीन-तीनदा तपासली, कुणावर अन्याय व्हायला नको म्हणून.