गुंद्रुकच्या पुडक्याचे वजन

कपड्यांचे चौदा जोड, दोन स्वेटर, एक जपानी शब्दकोश, औषधांच्या सहा पट्ट्या आणि गुंद्रुकचे, म्हणजे आंबवून वाळवलेल्या पालेभाजीचे, एक पुडके. मित्रांनो, एवढे सामान भरलेली बॅग ज्याने तोलून धरली, तो मी एक जुना ताणकाटा आहे.

सिलिगुडीच्या कारखान्यात मी जन्मलो. रंजिता दाहालच्या बांनी, म्हणजे वडिलांनी, मला नेपाळातल्या इलामच्या डोंगरात आणले ते मोठ्या वेलचीची पोती तोलायला. सोळा हंगाम मी राबलो. दाहालांचा काटा खोटे बोलत नाही, असे गाव म्हणे. मग वेलचीवर रोग पडला आणि मी पडवीत लटकत राहिलो. माझ्या आकड्याला कोणी ओली छत्री अडकवी, कोणी भरलेली टोपली. अशी तीन वर्षे गेली.

रंजिता शिकायला जपानला निघाली. विमान शुक्रवारचे, मुहूर्त मात्र मंगळवारचा. म्हणून बॅगेचे प्रस्थान शेजारच्या काकींकडे ठेवले. प्रस्थानातली वस्तू पुन्हा घरात आणायची नसते. वजन करायचे राहिले, हे बांना तिथे पोचल्यावर आठवले. विमानात तेवीस किलोच चालणार होते. मला तिथे आणून बॅग अडकवली, तर मी दाखवले तेवीस किलो आठशे ग्रॅम.

"पुडकं इथंच ठेवा," काकी म्हणाल्या. "माझी आमटी होईल."

जपानात काय भाज्या मिळत नाहीत, असे म्हणत रंजिता महिनाभर त्याच पुडक्यावरून वाद घालत होती. आता ती खाली बघत म्हणाली, "पुडकं बॅगेतच राहू दे. एक स्वेटर काढते."

व्हिसा आल्यापासून आमा, म्हणजे तिची आई, तिच्याशी कामापुरतेच बोले. तिने पुडके काढून स्वतःच्या मांडीवर घेतले. "गारठून गेलीस, तर खाणार कोण?"

बांनी बॅग उतरवली आणि ते माझ्याकडे बघत राहिले. आकडा रिकामा होता, तरी काटा शून्यावरून खाली, आठशे ग्रॅमच्या रेघेवर उभा होता.

"नानी," बा लेकीला लाडाने म्हणाले, "हा म्हातारा उपाशीपोटीच आठशे ग्रॅम सांगतोय."

त्यांनी मला तेलाचा थेंब दिला आणि स्क्रू फिरवून काटा शून्यावर आणला.

मित्रांनो, तोलणाऱ्याची खुंटी करू नका. त्याचा शब्द खरा मानण्याआधी त्याचे शून्य बघा. मी खोटे बोललो, पण ती माझी इच्छा नव्हती.

आमाने पुडके दोन स्वेटरांच्या मध्ये ठेवले. बांनी बॅग आकड्याला लावली. काटा खाली गेला, थरथरला आणि थांबला.

तेवीस किलो.